सहलीचा फोटो आणि प्रकाशाचा हिशेब



सुट्टी संपली की सहलीचे फोटो पाहण्याचा कार्यक्रम घरोघर होतो. सगळे गोळा होतात आणि मग तक्रारींना सुरुवात होते. समुद्रासमोर उभ्या असलेल्या आजीचा चेहरा काळाकुट्ट आलेला असतो. धावणाऱ्या धाकट्या भावाच्या जागी नुसता एक पुसट पट्टा दिसतो. वाढदिवसाच्या फोटोत भिंतीवर रांगोळी सांडल्यासारखे ठिपके दिसतात. सगळ्या नातेवाइकांच्या फोटोत नेमके काकांचे डोळे मिटलेले असतात. शेवटी सर्वानुमते निकाल लागतो, की कॅमेराच चांगला नाही!

बहुतेक वेळा हा निकाल चुकीचा असतो. कॅमेऱ्याने आपले काम प्रकाशाच्या नियमांप्रमाणे चोख केलेले असते. ते नियम आपल्याला माहीत नसतात, एवढेच. हे नियम तुमच्या शालेय पुस्तकातलेच आहेत. ते वापरायचे कसे, हे आज पाहू या.

त्याआधी एक छोटेसे गणित करा. भर उन्हात एक फोटो घेताना कॅमेऱ्यात प्रकाश साधारणपणे १/१२५ सेकंद शिरतो. समजा, तुमच्या घरी वर्षभरात असे १०० चांगले फोटो निघाले. या सगळ्यांत मिळून प्रकाश किती वेळ आत आला? १०० भागिले १२५, म्हणजे ०.८ सेकंद. बाळाचे पहिले पाऊल, ताईचे लग्न, गडावरची सहल, आजोबांची पंच्याहत्तरी, असे सगळे वर्ष मिळून आपल्या हाती राहतो तो एक सेकंदही न भरणारा प्रकाश. सहल पुन्हा काढता येईल, पण बाळाचे पहिले पाऊल पुन्हा पडणार नाही. म्हणून हा एवढासा प्रकाश नीट मोजून घेतला पाहिजे आणि नीट सांभाळलाही पाहिजे.

पेटी, छिद्र आणि पडदा

सूचिछिद्र कॅमेरा तुम्ही शाळेत केला असेल. एका बंद पेटीच्या एका बाजूला टाचणीने भोक पाडायचे आणि समोरच्या बाजूला तेलकट कागद लावायचा. कागदावर बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा दिसते, कारण प्रकाश सरळ रेषेत जातो. पण भोक लहान असल्यामुळे आत येणारा प्रकाश फार थोडा असतो. भोक मोठे केले तर प्रतिमा उजळ होते, पण पुसटही होते. यावर उपाय म्हणजे मोठ्या भोकात बहिर्वक्र भिंग बसवणे. भिंग पुष्कळ प्रकाश गोळा करते आणि तो एका जागी आणून स्पष्ट प्रतिमाही देते. आजोबांच्या कपाटातला जुना कॅमेरा असो की तुमच्या खिशातला फोन, दोन्ही मुळात भिंग बसवलेल्या अंधाऱ्या पेट्याच आहेत.

फरक आहे तो प्रतिमा टिपणाऱ्या पडद्यात. फ्रान्समधील निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणारे दृश्य एका धातूच्या पत्र्यावर टिपले. त्या एका चित्रासाठी पत्र्यावर कित्येक तास प्रकाश पडू द्यावा लागला. त्याचा सहकारी दागेर याने पुढे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर काही मिनिटांत चित्र उमटवण्याची रीत शोधली, आणि ती १८३९ साली जगापुढे मांडली गेली. दागेरने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधील एका रस्त्याचा फोटो घेतला होता. वर्दळीचा हा रस्ता फोटोत जवळजवळ निर्मनुष्य दिसतो! चालणारी माणसे आणि धावणाऱ्या गाड्या एका जागी पुरेसा वेळ थांबल्या नाहीत, म्हणून त्या उमटल्याच नाहीत. मात्र एक माणूस बूट पुसून घेण्यासाठी पाय टेकवून थांबला होता, तो दिसतो. तुमचा धावणारा भाऊ फोटोत पुसट का आला, याचे उत्तर त्या चित्रात आहे.

आपल्याकडे ही कला फार लवकर पोहोचली. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली स्थापन झाली. पण फोटो काढणे हे तेव्हा रसायने व काचा बाळगणाऱ्या जाणकारांचे काम होते. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली १०० फोटोंची गुंडाळी आत भरलेला कोडॅक कॅमेरा विकायला आणला आणि १९०० साली एक डॉलर किमतीचा ब्राउनी काढला, तेव्हा तो सामान्य कुटुंबाच्या हाती आला. आपल्याकडे अनेक घरांत हा मान बडोद्यात तयार होणाऱ्या आगफा क्लिक-३ या कॅमेऱ्याला मिळाला. त्याच्या एका रिळात फक्त १२ फोटो निघत. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी माणसे विचार करीत. आज फोनवर हजारो फोटो निघतात, पण प्रकाशाचे नियम तेच आहेत.

छिद्र, वेळ आणि संवेदनशीलता

नळाखाली घागर भरायची आहे. नळ पूर्ण सोडला तर ती लवकर भरते आणि अर्धा सोडला तर दुप्पट वेळ लागतो. फोटोचेही तसेच आहे. पडद्यावर पडणारा एकूण प्रकाश दोन गोष्टींवर ठरतो. भिंगामागचे छिद्र किती मोठे आहे ही एक, आणि ते किती वेळ उघडे राहते ही दुसरी.

छिद्राचे माप एफ-अंकाने सांगतात. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. म्हणजे अंक मोठा तर छिद्र लहान! कॅमेऱ्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे विचित्र दिसणारे आकडे असतात. ते असे का? छिद्रातून येणारा प्रकाश त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. प्रकाश निम्मा करायचा तर व्यास निम्मा करून चालणार नाही, त्याला २ च्या वर्गमुळाने म्हणजे सुमारे १.४ ने भागावे लागेल. वरचे आकडे क्रमाने सुमारे १.४ पटींनी वाढतात, हे पडताळून पाहा. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो.

वेळेचे आकडे सरळ आहेत : १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० सेकंद. येथेही प्रत्येक पायरीला प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. तिसरी गोष्ट म्हणजे पडद्याची संवेदनशीलता. ती आय.एस.ओ. या अंकाने सांगतात. आय.एस.ओ. १०० ला जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या चौथाई प्रकाशात आय.एस.ओ. ४०० वर काम भागते.

छायाचित्रकारांचा एक जुना नियम पाठ करून ठेवा. लख्ख उन्हात एफ-१६ ठेवावे आणि वेळ 'एक भागिले आय.एस.ओ.' एवढा द्यावा. आय.एस.ओ. १०० असेल तर सुमारे १/१२५ सेकंद. छिद्र दोन पायऱ्यांनी मोठे करून एफ-८ केले तर वेळ दोन पायऱ्यांनी कमी करून १/५०० ठेवायचा. घागर तेवढीच भरते.

फोनमध्ये यातले काही दिसत नाही, पण घडते ते हेच. बहुतेक फोनच्या भिंगाचे छिद्र ठराविकच असते. त्यामुळे फोन वेळ आणि आय.एस.ओ. या दोनच गोष्टी आपल्या आपण बदलत असतो. आकडे स्वतः ठरवण्याची सोय पुष्कळ फोनमध्ये असते. 'प्रो' किंवा तशाच एखाद्या नावाखाली ती शोधून पाहा.

झोका केव्हा टिपावा?

तीन मीटर दर सेकंद या वेगाने एक मूल कॅमेऱ्यासमोरून आडवे धावत आहे. १/३० सेकंदात ते किती सरकेल? १० सेंटिमीटर. एवढ्यात चेहरा पुसला जाणारच. १/५०० सेकंदात ते ६ मिलिमीटरच सरकते आणि फोटो स्पष्ट येतो. म्हणून पळापळीचे खेळ बाहेर उजेडात टिपावेत. तेथे वेळ कमी ठेवणे परवडते. मूल आडवे न धावता आपल्याकडे धावत येत असेल तर त्याची प्रतिमा पडद्यावर कमी सरकते, हेही लक्षात ठेवा.

आता झोक्यावरची बहीण पाहा. झोका मध्यभागी सर्वांत वेगात असतो आणि दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो. लंबकाच्या धड्यात तुम्ही हेच शिकता. मग कळ टोकालाच दाबा! उडी मारणाऱ्या मुलाचेही तसेच आहे. उडीच्या सर्वांत उंच बिंदूवर त्याचा वर जाण्याचा वेग शून्य असतो. निसर्गच तुमच्यासाठी क्षणभर थांबतो. तो क्षण ओळखता आला पाहिजे.

हलणारा केवळ समोरचा माणूस नसतो, आपला हातही हलतो. कोपरे अंगाला टेकवा, खांबाला किंवा दाराच्या चौकटीला रेला आणि श्वास रोखून कळ दाबा. भाड्याची तिवई न आणताही अर्धे काम होते.

वाढदिवसाच्या फोटोत ठिपके का येतात?

आपल्या डोळ्यांना रात्रीची दिव्याची खोली चांगली उजळलेली वाटते. प्रत्यक्षात भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो, तर रात्री घरातल्या खोलीत शंभरेक लक्स. म्हणजे प्रकाश हजारपट कमी! बाहुली मोठी करून आणि दृष्टिपटल अधिक संवेदनशील करून डोळा हा फरक आपल्याला जाणवूही देत नाही. कॅमेऱ्याला मात्र हिशेब द्यावा लागतो.

एकाला दोनाने दहा वेळा गुणत गेले की १०२४ येतात, म्हणून हजारपट म्हणजे दहा पायऱ्या. आपण त्या भरून काढू. एफ-१६ वरून एफ-२ वर आलो तर सहा पायऱ्या झाल्या. वेळ १/१२५ वरून १/३० केला तर आणखी दोन. उरलेल्या दोन पायऱ्यांसाठी आय.एस.ओ. १०० चे ४०० करावे लागते. हिशेब जुळला, पण किंमत मोजावी लागली. १/३० सेकंदात मेणबत्ती विझवायला वाकलेल्या मुलाचा चेहरा हलतो, आणि आय.एस.ओ. वाढवल्याने ठिपके दिसू लागतात.

हे ठिपके येतात कोठून? डिजिटल कॅमेऱ्याचा पडदा सिलिकॉनचा असतो आणि त्यावर लक्षावधी बारीक घरे असतात. घरात प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, पडला की इलेक्ट्रॉन मोकळा होतो. किती इलेक्ट्रॉन जमले यावरून त्या घराचा उजळपणा ठरतो. प्रकाशाचे कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. पावसाला नुकती सुरुवात झाली की अंगणातल्या एका फरशीवर पाच थेंब पडतात, शेजारच्या फरशीवर दोनच. चांगली सर येऊन गेली की सगळ्या फरश्या सारख्याच भिजतात. घरात सरासरीने १०० फोटॉन पडत असतील तर कमीअधिकपणा सुमारे १० चा, म्हणजे दहा टक्के असतो. १०,००० पडत असतील तर तो सुमारे १०० चा, म्हणजे फक्त एक टक्का. आय.एस.ओ. वाढवल्याने थेंब वाढत नाहीत. थोड्या थेंबांचा फरक मोठा करून दाखवला जातो इतकेच.

तेव्हा उपाय एकच, प्रकाश वाढवणे. केक रात्री नऊऐवजी संध्याकाळी पाचला, खिडकीजवळ कापला तर प्रकाश कित्येक पटींनी वाढतो. आजचे फोन रात्री एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतात. नऊ फोटोंची सरासरी घेतली तर असे ठिपके सुमारे एक तृतीयांश होतात. पण त्यासाठी समोरच्याने स्थिर बसायला हवे, आणि वाढदिवसाचे मूल स्थिर बसत नाही!

आजीचा चेहरा काळा का आला?

समोर आजी आहे की ढग, याची कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला मुळात काही कल्पना नसते. 'जगातल्या सगळ्या दृश्यांची सरासरी मध्यम करडी असते' असे साधे गृहीत धरून तो काम करतो. हा करडा रंग अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवतो. बहुतेक वेळा हे गृहीत चालून जाते. पण आजीच्या मागे चकाकता समुद्र आणि मावळता सूर्य असेल तर सरासरी फार वाढते. मापक प्रकाश कमी करतो. समुद्र झकास येतो आणि आजी काळी पडते. शुभ्र धोतर-सदऱ्यातले आजोबा पांढऱ्या भिंतीपुढे बसले तर सगळेच मळकट करडे येते, तेही याच कारणाने.

यावर उपाय सोपे आहेत. फोनच्या पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे मापक तेथला प्रकाश मोजतो. किंवा तुम्हीच जागा बदलून सूर्य बाजूला घ्या. एखादा पांढरा पंचा किंवा वर्तमानपत्र आजीसमोर, चौकटीबाहेर, धरले तरी परावर्तित प्रकाशाने चेहरा उजळतो.

दुपारी बारालाही अशीच अडचण येते. सहल रायगडावर पोहोचते तेव्हा ऊन डोक्यावर असते. वरून येणाऱ्या प्रकाशाने डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली गडद सावल्या पडतात. अशा वेळी मंडळींना दरवाजाच्या कमानीखाली किंवा देवळाच्या ओसरीवर, कडेला, बाहेर तोंड करून बसवा. आकाशाचा पसरलेला प्रकाश समोरून येतो आणि चेहरे मऊ, स्पष्ट दिसतात. झाडाची विरळ सावली मात्र टाळा, चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडतात.

चेहऱ्याच्या फार जवळही जाऊ नका. माणसाचा कान नाकापेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर मागे असतो. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ वर. ५२ भागिले ४० म्हणजे १.३, नाक कानाच्या मानाने ३० टक्के मोठे येते. दोन मीटरवरून हा फरक फक्त ६ टक्के राहतो. हात लांब करून काढलेल्या स्वतःच्या फोटोत नाक वाढलेले का दिसते, ते आता कळले ना?

सगळ्यांचे डोळे उघडे

लग्नातला सगळ्या नातेवाइकांचा फोटो घ्यायचा आहे. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. पहिली रांग २ मीटरवर आणि शेवटची ४ मीटरवर असेल तर शेवटच्या रांगेला चौथाईच प्रकाश मिळतो. तुम्ही दोन मीटर मागे सरका. आता अंतरे ४ आणि ६ मीटर झाली, आणि शेवटच्या रांगेला पहिलीच्या ४४ टक्के प्रकाश मिळतो. एकूण प्रकाश घटतो खरा, पण पुढचे भाजल्यासारखे पांढरे आणि मागचे अंधारात, असे होत नाही.

राहिले काकांचे मिटलेले डोळे. समजा, माणूस मिनिटाला १५ वेळा पापणी लववतो आणि प्रत्येक वेळी डोळा पाव सेकंद मिटलेला असतो. म्हणजे मिनिटातले सुमारे पावणेचार सेकंद, साधारण ६ टक्के वेळ, डोळे बंद असतात. एका माणसाचे डोळे उघडे असण्याची शक्यता ०.९४ झाली. दहाही जणांचे एकाच वेळी उघडे असण्याची शक्यता म्हणजे ०.९४ हा आकडा दहा वेळा घेऊन केलेला गुणाकार. तो येतो सुमारे ०.५४. तीस जण असतील तर फक्त ०.१६! म्हणजे काकांचा काही दोष नाही.

ऑस्ट्रेलियातील पियर्स बार्न्स आणि निक स्वेनसन या दोघांनी याच प्रश्नाचे गणित मांडले. त्यांचा नियम असा, की वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागावे, तितके फोटो घ्यावेत. या कामाला २००६ साली 'इग नोबेल' हे गमतीचे पारितोषिक मिळाले. पण नियम गमतीचा नाही. दहा माणसांचे चार फोटो घेतले, तर निदान एकात सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची शक्यता आपल्या हिशेबाने ९५ टक्के येते. ती कशी, ते तुम्ही काढून पाहा.

तीच चौकट, दर वर्षी

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, १९१२ साली, 'अंकुराची वाढ' नावाचा एक छोटा चित्रपट केला होता. कुंडीत रुजणाऱ्या रोपापुढे कॅमेरा एकाच जागी ठेवून, मध्ये ठराविक वेळ जाऊ देत, त्यांनी एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग दाखवली तेव्हा रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. डोळ्याला न दिसणारी वाढ कॅमेऱ्याने अशी दाखवली.

हीच युक्ती घरात वापरा. दर वाढदिवसाला भावंडाला एकाच दाराच्या चौकटीत उभे करा. कॅमेरा तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच उंचीवर ठेवा. दाराची उंची २०० सेंटिमीटर आहे, फोटोत ती १० सेंटिमीटर आली आणि भाऊ ६.२ सेंटिमीटर आला, तर त्याची खरी उंची १२४ सेंटिमीटर. मूल मात्र चौकटीच्या प्रतलातच उभे राहिले पाहिजे, नाहीतर समरूप त्रिकोणांचे प्रमाण बिघडते. दहा वर्षांनी हे दहा फोटो शेजारी शेजारी मांडा. घरात त्यापेक्षा मोलाचा तक्ता दुसरा नसेल.

मिळवलेला प्रकाश सांभाळा

कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची असते. नीट धुतलेला आणि कोरडा ठेवलेला असा फोटो शंभर वर्षेही टिकतो. रंगीत फोटोत चांदी काढून टाकलेली असते आणि मागे राहतात ते सेंद्रिय रंग. ते प्रकाशाने आणि उष्णतेने विटतात. १९७०-८० च्या सुमाराचे कितीतरी रंगीत फोटो आज लालसर दिसतात, कारण त्यांतला निळसर-हिरवा रंग आधी उडाला. जिलेटिनच्या थरावर पावसाळ्यात बुरशी येते, कारण जिलेटिन हे तिचे खाद्य आहे. म्हणून आल्बम ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नका. कोरड्या कपाटात, जमिनीपासून उंच ठेवा. चिकट पानांच्या आल्बममधला डिंक फोटो खराब करतो, तोही टाळा.

फोनमधले फोटो विटत नाहीत, पण फोन हरवला की सगळेच एकदम जातात. म्हणून महत्त्वाच्या फोटोंच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या घरी. संदेशाच्या ॲपवरून आलेली प्रत ही बहुधा दाबून लहान केलेली असते; मूळ प्रत मागून घ्या. आणि वर्षातले निवडक पंचवीस-तीस फोटो कागदावर छापून घ्या. ते पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही.

आता शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फोन फोटोबरोबर तारीख आणि वेळ नोंदवतो, पण हे कोण, कोणाचे कोण आणि का हसत आहेत, हे तो नोंदवत नाही. जुन्या आल्बममध्ये अशी कितीतरी माणसे असतात की ज्यांना आज घरात एकटी आजीच ओळखते. भिंगाने आपले काम केले, चांदीने आपले काम केले, पण नाव सांगणारे कोणी उरले नाही तर तो प्रकाश अनोळखी होतो. आणि ही नावे प्रयोगशाळेत पुन्हा मिळवण्याची कोणतीही रीत पदार्थविज्ञानात नाही.

करून पाहा

१. एका उन्हाच्या दिवशी खोली पूर्ण अंधारी करा. खिडकीवरच्या जाड कागदाला एक सेंटिमीटरचे भोक पाडा आणि समोरच्या भिंतीवरची उलटी प्रतिमा पाहा. मग भोक लहान करत जा. स्पष्टपणा आणि उजेड यांतला बदल वहीत टिपा.

२. घरातली जुनी कृष्णधवल निगेटिव्ह संगणकाच्या पांढऱ्या उजळ पडद्यासमोर, थोडे अंतर सोडून धरा, तिचा फोनने फोटो घ्या आणि रंग उलटे करा. ज्यांच्या प्रती हरवल्या असे फोटोही सापडतील.

३. पुढच्या सहलीत प्रत्येकाने एक तरी फोटो घ्यायचा, असा नियम करा. नेहमी फोटो काढणारा माणूस आल्बममध्ये कोठेच सापडत नाही. तोही दिसला पाहिजे.

४. या रविवारी आजी-आजोबांजवळ जुना आल्बम घेऊन बसा. प्रत्येक फोटोतल्या माणसांची नावे, ठिकाण आणि साल विचारा. कागदी पाठीच्या फोटोंवर ते मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा. गुळगुळीत पाठीच्या फोटोंसाठी आल्बमच्या पानावर किंवा पाकिटावर लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. पहिले चार प्रयोग पुढच्या सुट्टीपर्यंत थांबले तरी चालतील असे वाटेल. त्यांतला हा चौथा मात्र थांबवू नका.